व्यवसायाच्या रकान्यातली रेघ

चर्चच्या सभासदांची, म्हणजे मंडळीची, कुटुंबनोंद नव्याने करायची ठरली आणि तरुणांनी ते काम अंगावर घेतलं. नाशिकरोडला एका चर्चच्या मागे खोली आहे. नाताळच्या कागदी चांदण्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, भाता फाटलेली पेटी, तीन पायांचं स्टूल असं सगळं तिथे एकत्र नांदतं. शनिवारी दुपारी एक पोरगा फॉर्मांचा गठ्ठा घेऊन तिथे आला. आत बाक ओढून एक काका बसले होते. सदतीस वर्षं छापखान्यात काढलेली, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली. पोरगा एकेक रकाना विचारत गेला. नाव, जन्मतारीख, बाप्तिस्मा कुठे, दृढीकरण कोणत्या साली, रक्तगट. काका मान वर न करता उत्तरं देत होते. "व्यवसाय?" पोराने विचारलं. "काही नाही रे आता," काका म्हणाले. पोराने रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला.

ती रेघ तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

काकांच्या पुढ्यात त्या वेळी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या सतरा फाटक्या प्रती होत्या आणि हातात खळीचा ब्रश. गीतांचं पुस्तक कुठे फाटतं हे बघण्यासारखं असतं. नाताळच्या गीतांची पानं सुटतात आणि अंत्यविधीच्या गीतांची. अंत्यविधीची जास्त, कारण ती पुस्तकं कब्रस्तानात जातात, पावसात भिजतात, कुणाच्या तरी घामेजल्या मुठीत दुमडली जातात आणि ओलीच कपाटात परत येतात. अशा पानांवर मंडळीतल्या प्रेमळ माणसांनी वेळोवेळी सेलोटेप लावलेला असतो, आणि तोच पुस्तकाचा खरा शत्रू. चार-सहा वर्षांत त्याचा चिकटा कागदात उतरतो, वरची पट्टी सुकून गळून पडते आणि पिवळा डाग कायमचा राहतो. त्या डागाखालचं अक्षर मग वाचता येत नाही. टेप काढायचा तर ओढायचा नसतो. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा मागून द्यायची आणि पट्टी कागदाला जवळजवळ समांतर ठेवून हळूहळू सोलायची. सरळ वर ओढली की अक्षरांसकट कागदाचा पापुद्रा निघतो.

खळ काका घरून करून आणतात. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात आणि एखादी गुठळी पानाखाली राहिली तर वाळल्यावर खड्यासारखी वर येते. मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर, हात न थांबवता, पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत ढवळायचं. उतरवताना चिमूटभर मोरचूद, कारण मैद्याच्या खळीवर झुरळं आणि कसर तुटून पडतात. मोरचूद विषारी असतं, म्हणून ते पातेलं स्वयंपाकघरात परत जात नाही आणि लहान मुलांना खळीजवळ फिरकू देत नाहीत. गाळून, पूर्ण गार करून वापरायची. फाटलेल्या जागी पातळ पांढऱ्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी लावायची, तीही कात्रीने कापलेली नको, हाताने फाडलेली. फाडलेल्या कडेला तंतू सुटलेले असतात, ते पानात मिसळून जातात. कापलेली कड उठून राहते आणि पुढच्या वेळी पान बरोबर तिथेच मोडतं. खळ जास्त झाली की पान लाटेसारखं उठतं. म्हणून ब्रश निथळून घ्यायचा, वर-खाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा आणि कागदात गुंडाळलेल्या दोन विटा ठेवून रात्रभर सोडून द्यायचं. घाईने उन्हात वाळवलं तर पुठ्ठा होडीसारखा वाकतो.

आणि कागदाला दिशा असते. छापखान्यातले लोक तिला ग्रेन म्हणतात. कागद हळूच वाकवून पाहिला की एका बाजूने मऊ वळतो, दुसरीकडून अडतो. मऊ वळतो त्या वळणाची रेघ पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. अस्तराचा कागद उलट्या दिशेचा लावला तर ओल लागताच तो आडवा फुगतो आणि कण्याशी भांडत बसतो. पुस्तक मग कधीच सपाट उघडत नाही. हे सगळं ज्या बोटांना विचार न करता कळतं, ती बोटं चालू असताना माणूस सांगतो, काही नाही रे आता.

असं का म्हणावंसं वाटतं? निवृत्तीचा समारंभ आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. शाल, श्रीफळ, घड्याळ किंवा समई, साहेबांचं भाषण आणि शेवटी ठरलेलं वाक्य : आता आराम करा. मंडळीतही रविवारी उपासनेनंतर नाव घेतात, आभारार्पणाचं पाकीट वेदीजवळ ठेवतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, आणि त्या प्रार्थनेतही आरामच मागतात. चाळीस वर्षं पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस गाठलेल्या माणसासाठी आराम मागणं चूक नाही. पण पगार बंद होण्याचा दिवस आणि काम संपण्याचा दिवस एकच, हे गणित कुणी घातलं? विशिष्ट वयाला सरकारने वृद्धापकाळाची पेन्शन द्यावी हा कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली झाला, तेव्हा ते वय सत्तर होतं. १९१६ मध्ये ते पासष्टवर आलं. आपल्याकडचं अठ्ठावन्न आणि साठ हेही नियमांनी ठरवलेलं आहे, नियम म्हणून ते योग्यच. पण देवाने एदेन बागेत माणसाला मशागत आणि राखण करायला ठेवलं ते पापाच्या आधी, शिक्षेच्या आधी. काम हा शाप असता तर निवृत्ती ही सुटका ठरली असती.

पवित्र शास्त्रात सेवेतून निवृत्त होण्याचा स्पष्ट नियम शोधायला गेलं तर गणनाचा आठवा अध्याय उघडावा लागतो. तिथे तो लेव्यांसाठी, म्हणजे मंदिरसेवेला नेमलेल्या वंशासाठी आहे. पंचविसाव्या वर्षी सेवेत यावं, पन्नासाव्या वर्षी सेवेतून मोकळं व्हावं. चौथ्या अध्यायात तीस ते पन्नास म्हटलंय आणि त्या वयाचे ८,५८० पुरुष मोजले आहेत. मधली पाच वर्षं शिकण्याची, असं जुन्या यहुदी शिक्षकांनी सांगितलंय, आणि कुठलाही हुन्नर शिकलेल्या माणसाला ते लगेच पटेल. पन्नासच का, हे समजायला ओझी बघावी लागतात. निवासमंडप म्हणजे दर मुक्कामाला मोडून वाहायचं अख्खं मंदिर. ते वाहणारी लेव्यांची घराणी तीन. गेर्षोनी लोकांकडे पडदे, त्यांना दोन गाड्या आणि चार बैल. मरारी लोकांकडे फळ्या, अडसर, खांब आणि बैठका, त्यांना चार गाड्या आणि आठ बैल. नुसत्या चांदीच्या बैठका शंभर, प्रत्येकी एक किक्कार, म्हणजे तीसएक किलोच्या वर. कहाथी लोकांना एकही गाडी नाही, कारण कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, आणि पवित्र वस्तू खांद्यावरच वाहायच्या होत्या. रानातल्या वाटेवर खांदा घसरला तर काय होईल याची भीती त्या प्रत्येक पावलात असणार. पन्नाशीनंतर गुडघे तशी खात्री देत नाहीत. लेव्याला मोकळं केलं ते त्याचंही रक्षण आणि कोशाचंही.

पण पुढचं वचन बघा. मोकळा झालेल्या लेव्याने दर्शनमंडपात, म्हणजे त्याच निवासमंडपात, आपल्या भाऊबंदांच्या मदतीला राहावं, रखवाली करावी, मेहनतीचं काम मात्र करू नये. मूळ इब्री भाषेत इथे दोन वेगळे शब्द आहेत. मेहनतीसाठी 'अवोदा' आणि रखवालीसाठी 'मिश्मेरेत'. पन्नासाव्या वर्षी अवोदा संपते. मिश्मेरेत कधी संपते हे लिहिलेलंच नाही. म्हातारा लेवी तंबूत जायचं थांबवत नाही, ओझं वाहायचा खांद्यावरचा दांडा फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. दांडा कसा धरायचा, पडद्याची घडी कुठे पडते, हे ज्याला माहीत आहे तो तिथे उभा असतो. पुढे दाविदाच्या काळात, आता निवासमंडप वाहून न्यायचा नाही म्हणून, लेव्यांची गणती विसाव्या वर्षापासून धरली गेली. वयाचा हिशेब ओझ्याशी बांधलेला होता, हे त्यावरूनही कळतं.

मंडळ्यांमध्ये नेमकं उलट घडताना दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं. दांडा सोडवत नाही. एकच खजिनदार वीस-बावीस वर्षं, बँकेत सही त्याचीच, कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला. माणूस सचोटीचा, एका पैशाचा घोळ नाही. पण तो एकदा दवाखान्यात पडतो आणि कळतं की विजेचं बिल कुणी भरायचं, चेकबुक कुठे आहे, अर्पणाची वही कुठवर लिहिली आहे, कुणालाच ठाऊक नाही. प्रामाणिकपणा माणसाबरोबर घरी जातो, पद्धत मागे राहायला हवी होती. म्हणून हिशेब सोडणाऱ्याने एक पूर्ण वर्ष नव्या माणसाला शेजारी बसवावं. नाताळचा खर्च, हार्वेस्टची म्हणजे सुगीच्या सणाची विक्री, मार्चअखेर आणि ऑडिट ही सगळी ठाणी त्या एका वर्षात येतात. दर रविवारी अर्पण दोघांनी मोजावं, नोटांची फोड वहीत लिहावी, दोघांनी तिथेच सही करावी आणि सोमवारी बँकेत भरावं. रोख घरी नेऊ नये. सहा महिन्यांनी नव्याने लिहावं आणि जुन्याने फक्त तपासावं. चूक दिसली तर पेन्सिलीने खूण करावी, स्वतः दुरुस्त करू नये. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे, हात शिवशिवतो.

पवित्र शास्त्रातला बर्जिल्ल्य गिलादी मला फार मोठा माणूस वाटतो. मुलाच्या बंडामुळे दावीद राजा पळत महनाईमला पोचला तेव्हा बिछाने, भांडी, गहू, जव, हुरडा, मसूर, मध, लोणी, मेंढरं घेऊन जे आले त्यांत हा होता, वय ऐंशी. युद्ध संपल्यावर राजा म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमेला चल, तुला सांभाळीन. बर्जिल्ल्य हात जोडतो. खाल्ल्याची चव मला कळत नाही, गाणाऱ्या-गाणारणींचा आवाज ऐकू येत नाही, मी राजाला भार कशाला होऊ? आणि किम्हाम नावाच्या आपल्या माणसाला पुढे करतो : याला घेऊन जा. म्हातारपणाचं असं स्वच्छ वर्णन करताना त्याच्या बोलण्यात तक्रार नाही. सैन्याला जेवू घालायचं होतं तेव्हा ऐंशी वर्षं आडवी आली नाहीत. मानाची जागा समोर आली तेव्हा मात्र त्याला आपलं वय आठवलं.

निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने कोणतंही पद घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सांगणारे लगेच येतात. आता तुम्हाला वेळच वेळ आहे, सेक्रेटरी व्हा. रिकामपण सहन होत नाही म्हणून घेतलेलं पद पुढे सुटत नाही. त्या सहा महिन्यांत उठण्याची वेळ बदलू नये, सकाळची स्तोत्रं आणि प्रार्थना त्याच वेळेला व्हावी, आणि माणसाने घरात काय काय चालतं ते आधी बघावं. कारण घरात एक व्यक्ती अशी असते जिला निवृत्तीचं पत्र कधी मिळत नाही. नवरा घरी बसायला लागला की तिच्या कामात दुपारचे दोन चहा आणि गरम पोळी यांची भर पडते. शाल त्याला मिळते, ओझं तिचं वाढतं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात साठीपुढच्या विधवांची नोंद करायला सांगितली आहे आणि त्यांची पारख कशावरून, तर पाहुणचार, पवित्र जनांचे पाय धुणं, पीडितांना मदत. प्रेषिताने बायकांच्या रोजच्या घरकामाला सेवेच्या यादीत जागा दिली. निवृत्त पुरुषाने निदान भाजी निवडायला, कुकर लावायला आणि पाच पदार्थ करायला शिकावं. ही मदत नव्हे, त्याचा वाटा आहे.

खरी गरज असते ती घरभेटींची, आणि ती गरज निवृत्त माणसंच भागवू शकतात, कारण दुपारी चार वाजता मोकळं दुसरं कोण असतं? प्रत्येक मंडळीत जिना उतरू न शकणारी म्हातारी माणसं असतात. वर्षानुवर्षं तिसऱ्या बाकावर बसलेली बाई गुडघ्यामुळे वर्षभर दिसली नाही तर हळूहळू तिचं नावही घेतलं जात नाही. भेटीला जाताना आधी फोन करावा. न सांगता गेलं की त्या बाईला विस्कटलेले केस आणि बाजूची औषधं यांचीच लाज वाटत राहते. वीस मिनिटं पुरेत. उभं राहून बोलू नये, खुर्ची ओढून नजरेच्या उंचीवर बसावं, आणि कोणत्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारून त्या बाजूला बसावं. ओरडू नये. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीचे सूर जातात, स, श, फ अशी अक्षरं त्यांच्याबरोबर जातात. ओरडल्याने आवाज मोठा होतो, शब्द उलगडत नाही. खालच्या पट्टीत, सावकाश, ओठ दिसतील असं बोलावं. एकच स्तोत्र वाचावं. एकाहत्तरावं वाचलं तर थांबून वाचावं, कारण 'म्हातारपणी मला टाकू नको' ही विनवणी समोरच्याच्या मनात आधीच चालू असते. मंडळीतली भांडणं तिथे नेऊ नयेत. मागच्या रविवारी कोणतं गीत झालं ते सांगावं, आणि जमलं तर एक कडवं म्हणावं. ज्यांना नातवाचं नाव आठवत नाही त्यांना तिसरं कडवं आठवतं.

पाळकसाहेब घरी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, द्यायला येतात तेव्हा तयारी सोबतच्या माणसाने करायची. छोटं टेबल, धुतलेला पांढरा कपडा, पाण्याचा पेला, रुमाल. आजाऱ्याला उशा लावून सरळ बसवायचं. पडल्या-पडल्या दिलेला घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. गिळायला त्रास असेल तर भाकरीचा अगदी लहान कण द्राक्षरसात बुडवून द्यावा, आणि झाल्यावर निदान अर्धा तास तसंच बसू द्यावं. आणि भेटीला दर वेळी एक तरुण सोबत न्यावा. त्याने काही बोलायची गरज नाही, नुसतं बघावं.

नोव्हेंबरात आणखी एक काम निघतं. पेन्शनरांना बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. मी जिवंत आहे हे दर वर्षी सिद्ध करायचं. ज्यांची बोटं आयुष्यभर चुना, सिमेंट, कागद किंवा धुण्याच्या सोड्यात गेली त्यांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते ओळखत नाही. दोनदा, चारदा बोट पुसून ठेवायचं आणि मागची रांग उसासे टाकत राहते. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. ज्याला ते जमतं अशा निवृत्त माणसाने मंडळीतल्या आठ-दहा घरी जाऊन हे काम उरकून दिलं तर त्या घरांत आशीर्वाद पोचतो, आणि ते वचनं सांगण्याइतकंच पवित्र काम आहे असं मी मानते.

पैशांबद्दल थोडंच. फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हातात येते तेव्हा लूकच्या बाराव्या अध्यायातला कोठारं मोडून मोठी बांधणारा श्रीमंत जरूर आठवावा. त्याने धान्य साठवलं म्हणून त्याला मूर्ख म्हटलेलं नाही. त्याचं सगळं बोलणं स्वतःच्याच जिवाशी आहे, माझं पीक, माझी कोठारं, आणि त्या बोलण्यात दुसरं माणूसच नाही. आणि मृत्युपत्र करावं. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही देणार आहोत त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये, केलं तर त्याचं देणं रद्द ठरतं. जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने काही ठेवायचं तर मरणापूर्वी निदान बारा महिने ते करून ठेवायला हवं, अशी जाचक अट या कायद्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ती घटनाबाह्य ठरवली. आपल्या घरांत अजूनही जुनी अट मनात धरून बसलेली माणसं भेटतात.

आपल्या मातीत वानप्रस्थाची कल्पना खोल मुरलेली आहे, आणि गोदेकाठच्या गावात तर ती रोज डोळ्यांसमोर असते. संसारातून पाय काढत जायचं, तीर्थाकडे वळायचं. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, मिशनच्या पगाराच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणवून घेतलं. पण ते रानात गेले नाहीत. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा भक्तमेळा मांडला, माणसांना जवळ बोलावलं. हाताशी दोनच वर्षं होती, १९१९ च्या मेमध्ये ते गेले. आणि त्यांच्यामागे राहिल्या त्या पत्नी लक्ष्मीबाई, इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळा फारशी पाहिलेली नाही. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा त्यांची पासष्टी उलटली होती. टिळकांनी अपुरं सोडलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेलं, आणि १९३६ मध्ये नाशिकमध्ये त्यांनी देह ठेवला. नवऱ्याच्या खांद्यावरून उतरलेला दांडा त्यांनी ज्या वयात उचलला त्या वयात आपण माणसाला आराम करा म्हणून सांगतो. शरणपूर रोडवरून जाताना हे मनात येतं. त्या वस्तीच्या नावातच आसरा आहे. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे वाढली, शिकली, आणि त्यांच्यातला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीच्या वाहकांत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत चालला. ज्यांना आसरा मिळाला त्यांनी पुढे ओझं वाहिलं. ज्यांनी वाहिलं त्यांनाही कधीतरी आसरा लागतो.

कारण रखवालीचेही दिवस संपतात, हे लपवू नये. प्रभूने पेत्राला सांगितलं होतं, तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवं तिथे जात होतास, म्हातारा झालास की हात पुढे करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधेल. योहान तिथेच लगोलग सांगतो की ते शब्द पेत्राच्या मरणाविषयी होते, तरी ज्यांनी आईच्या साडीची पिन लावून दिली आहे, वडिलांच्या पायजम्याची नाडी बांधली आहे, त्यांना ते वाचताना थांबावं लागतं. यशयाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात बाबेलच्या मूर्ती थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादलेल्या आहेत, जनावरं ओझ्याखाली वाकलीत. आणि लगेच पुढे देव म्हणतो, तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वाहून नेईन. लेव्याने वीस-पंचवीस वर्षं ज्याचा कोश खांद्यावर वाहिला, तोच आता त्याला उचलायला वाकलेला असतो. हे वचन ज्याला कळलं त्याला कुणाच्या हाताने जेवायची लाज वाटू नये. ते सोपं नाही, लाज वाटतेच. पण अंघोळ घालणाऱ्या सुनेला शांतपणे हात लावू देणं, तिच्यासाठी मनात प्रार्थना करणं, हीसुद्धा एक सेवा आहे. तिला फॉर्ममध्ये रकाना नाही.

काकांचा फॉर्म इतर फॉर्मांबरोबर कार्यालयात गेला असेल, रेघेसकट. काकांच्या हाताला गेल्या वर्षापासून कंप आहे. खळ लावता येते, पट्टी बसवता येते, पण जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्या एकमेकींना शिवणं, आता त्यांच्याकडून होत नाही. सुईत दोरा जात नाही. म्हणून शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेत, येणारी नववीतली एक मुलगी शनिवारी येते. घडीच्या बरोबर मध्यावर दाभणाने पाच भोकं पाडायची, सुती दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्यायचा, मधल्या भोकातून आत, वरच्याने बाहेर, आणि एक घडी संपली की मागच्या घडीच्या टाक्यात सुई अडकवून मगच पुढची घ्यायची. तो अडकवायचा टाका राहिला की घड्या एकमेकींना धरत नाहीत, दोन महिन्यांत पुस्तक मधोमध फाटतं. पाचव्या घडीला मुलगी ते विसरली. काका काही बोलले नाहीत. बोट नुसतं त्या जागी नेऊन ठेवलं, ते थोडं थरथरत होतं. तिने पाहिलं, दोरा उसवला, परत घातला.

"ओढ," काका म्हणाले. "पण कण्याच्या बाजूने ओढ. वर ओढलास तर कागद कापला जाईल."